मोहाच्या झाडाला टांगलेलं रडणं

मु. पिपरटोला,
मोहाचा हंगाम, अर्धा सरला

चिरंजीव सोमाजी,

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळशाचा पट्टा सांभाळणारे, आमच्या घरातून शिकून नोकरीला लागलेले पहिले (आणि अजून तरी शेवटचे) माझे धाकटे बंधू, यांच्या डोक्यावर थोरली बहीण मनकर्णा हिचा हात आहे असं समजावं. गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी सकाळी घेतोस की आठवण झाली की घेतोस? क्वार्टरच्या गॅलरीत धुतलेले कपडे अजून काळे होतात का? मी इकडे बरी आहे, म्हणजे भीत आहे. आमच्याकडे आजकाल दोन्ही एकच. जो भीत नाही त्याची तब्येत फार दिवस बरी राहत नाही.

पत्रास कारण की मला एक चांगला टॉर्च हवा आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन मला माहीत आहे. पाऊस किती, तब्येत कशी, आणि 'बरं बाई, ठेव.' पत्राला 'बरं, ठेव' म्हणता येत नाही. फाडता येतं, पण कागद जाड आहे. (आधीच फाडू नकोस. बस. चहा ठेव. साखर अर्धा चमचा.) शिवाय तोंडाने सांगायला मी भिते आणि लिहायला जरा कमी भिते. तुझे भाऊजी गेल्यावर त्यांची जुनी वर्तमानपत्रं वाचता वाचता मी वाचायला शिकले, तेव्हापासून एवढं कळलं आहे की कागदावरचा माणूस जास्त धीट असतो.

तर वाघ. फागुनात पलीकडच्या टोल्यावरची एक बाई मोहाची फुलं वेचायला गेली ती परत आली नाही. तिची टोपली आली. तेव्हापासून गावातल्या बायकांनी ठरवलं की एकटीने जायचं नाही, आणि गेल्यावर एकीने तरी उभं राहून बोलत राहायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, आणि मोह तर उभ्याने वेचता येत नाही. म्हणून पाळी लावली. बाकीच्या वेचतील, एक उभी राहून मोठ्याने बोलेल. पहिल्या आठवड्यात फार मजा आली. गावातली सगळी लग्नं, सगळ्या सुना, सरपंचाच्या नव्या दातांपर्यंत सगळं बोलून झालं. दुसऱ्या आठवड्यात बोलायला काही उरलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी युरियाच्या पोत्यावरचा मजकूर पाठ होता तो म्हणून दाखवला. तेव्हा इतवारीबाई (शेजारची, गोंडांच्या टोल्यातली, माझ्याहून मोठी आणि वाघाशिवाय कोणालाच न भिणारी) म्हणाली, "तुह्या घरी त्या पोरीचा गाण्याचा डबा हाय न? तो आन वो. तुह्यापेक्षा बरा बोलंन."

ती पोरगी म्हणजे तू नागपूरला क्लाससाठी ठेवलेली तुझी लेक दिव्यानी. दिवाळीला आली होती तेव्हा आपला छोटा स्पीकर माझ्याकडे विसरून गेली. (विसरली की ठेवून गेली, यावर मी आता रोज विचार करते.) मी तो वापरत नव्हते. चालू केला की त्यातली एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते. मी आपली 'हो बाई' म्हणून बंद करून टाकत असे. पण आता जिवाचा प्रश्न होता. मी तो पदराने पुसला, नेला, आणि नाल्याकडच्या बाजूच्या मोहाला, वाघ जिकडून यायचा तिकडे तोंड करून, टांगला.

पहिलं गाणं हळू होतं. एक मुलगी, एक गिटार, आणि मधेच कुकरची शिट्टी. आम्हाला आवडलं. इतवारीबाई म्हणाली, "पोरीचा गळा गोड हाय, पन उपाशी वाटून राह्यली." मग डबा गप्प झाला. आम्हाला वाटलं, बॅटरी संपली. आम्ही वेचत राहिलो, टोपल्या भरत आल्या, डब्याचा विसर पडला. आणि एकाएकी नाल्याच्या बाजूने एक मुलगी ओरडली. सोमाजी, मी तुला सांगते, तसं ओरडणं मी माझ्या तोंडूनही फक्त एकदाच ऐकलं आहे. "आई! आई वो!" आणि मागून धाडधाड असा आवाज, जसं कोणी कोणाला झुडपातून ओढत नेतंय.

आम्ही ठरल्याप्रमाणे पाठीला पाठ लावून गोल केला, टिनाचे डबे बडवले, जमेल तेवढ्या ओरडलो. मग एकीने डोकी मोजली. सगळ्या होतो. म्हणजे ओरडणारी आमच्यातली नव्हती. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात फार चांगला विचार आला नाही. आपल्या सगळ्या आहेत ना, मग घरी चला, हाच आला. पण इतवारीबाईने काठी उचलली. म्हणाली, "कोनाची तं पोरगी हाय," आणि वाघाच्या सात पिढ्यांना गोंडीत शिव्या देत नाल्याकडे निघाली. मीही गेले. (गावात सांगतात की मनकर्णाबाई धीराची. खरी गोष्ट अशी की माझ्या मुठीत इतवारीबाईचा पदर होता आणि भीतीने मूठ उघडत नव्हती.) पलीकडून वनरक्षक अश्वजित काठी घेऊन धावत आला. त्याचाही चेहरा पांढरा. सगळे मिळून झुडपात शिरलो, आणि पाहतो तर मोहाच्या फांदीला डबा झुलतोय आणि त्यातून ढोल वाजतोय.

अश्वजित तिथेच खाली बसला. थोडा दम आल्यावर म्हणाला, "मावशी, हे वाघानं ऐकलं असंन तं तो आतापर्यंत तेलंगणात पोचला असंन. थांबत नाई तो आता." बायका हसल्या. भ्यालेल्या बायका हसतात तशा, रडल्यासारख्या. त्याने डबा बंद करायला हात वर केला तेवढ्यात ढोल थांबला आणि आतली मुलगी साध्या आवाजात म्हणाली, "हे परत घेऊ काय?" आणि माझी टोपली हातातून सुटली. गाताना ओळखला नव्हता, बोलताना ओळखला. ती दिव्यानी होती.

घरी येऊन मी मोह अंगणात वाळत घातला, दार लावलं, डबा मांडीवर घेतला. ऐकायला मी का बसले? धीर म्हणून नाही. जंगलात ओरडलेली मुलगी आपली निघाल्यावर न ऐकण्याचीच जास्त भीती वाटते. आतल्या चिपमध्ये दहा-बारा गाणी आहेत. याला ते अल्बम म्हणतात, हे मला नंतर दिव्यानीने सांगितलं. कंपनी नाही, मालक नाही. भाड्याच्या खोलीत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गाद्या भिंतीला उभ्या करून, तिघा पोरांनी भरलेला आहे. (म्हणजे तेवढे दिवस ते झोपले कशावर, हा प्रश्न मला पडला.) कुठे खुर्ची सरकते, कुठे कोणी नाक ओढतं, आणि ते काढून टाकलेलं नाही. यमकं जुळत नाहीत. आधी मी त्यालाच नावं ठेवली. नंतर लक्षात आलं की रडताना यमक कोण जुळवतो.

तिसरं गाणं तुझ्यावर आहे. चिडू नकोस, चहा पी. त्यात ती म्हणते,

बाबा, टीव्हीचा आवाज कमी करा,
जगात कोण कोण मेलं ते कळलं,
आता आपल्या घरातलं सांगा.

एवढंच पुन्हा पुन्हा, आधी हळू, मग गळा फाटेपर्यंत. अल्बमचं नावही 'आवाज कमी करा' असंच आहे. तू सांगतोस की पट्ट्याच्या खडखडाटाने तुझे कान गेले म्हणून टीव्ही मोठा लागतो. मी ते इतके दिवस खरं मानत होते. मग पोथी पुटपुटल्यासारखा माझा हळू आवाज तुला फोनवर कसा ऐकू येतो, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतरच्या गाण्यात, गिटार थांबल्यावर, रंजीता बोलली. हो, तुझी रंजीता. तीन वर्षांपूर्वी तापात एकाएकी गेलेली माझी भावजय माझ्या मांडीवरच्या डब्यातून बोलली, जिवंत असताना बोलायची तशीच, घाईघाईत, मागे नळ वाहतोय. मी डबा पदराखाली झाकला. भूत असतं तर हनुमानाचं नाव घेतलं असतं. पण ती भूत वाटत नव्हती, स्वयंपाकघरात उभी वाटत होती, आणि त्याला काय म्हणायचं ते कोणत्याच पोथीत नाही. तिने मोबाईलवर पोरीला पाठवलेला निरोप होता तो. पोरीने गाण्यात ठेवला. काय बोलली ते आत्ता लिहीत नाही. पत्राच्या शेवटी लिहीन.

आणि शेवटचं गाणं पुलाचं आहे. त्यात ती पुलावर उभी राहते आणि खालचं पाणी पाहते. बस. पुढे नुसती गिटार, आणि मग तीही नाही. मी डबा उलटा केला, हलवला, कानाला लावला. पुढे काही नाही. सोमाजी, वाघाची भीती पायात असते, ही पोटात बसली. मी पदर खोचला आणि पाण्याच्या टाकीवर चढले. (आमच्याकडे फोन तिथेच लागतो. या वयात मी टाकीवर चढलेली पाहून खाली माणसं जमली आणि 'मनकर्णाबाई, उतरा वो, असं करू नका' म्हणून मलाच समजावू लागली.) दिव्यानीचा फोन बंद. मग तिच्या खोलीतली मैत्रीण करिश्मा हिला लावला. ती म्हणाली, "आत्या, तिचा आज शो हाय न. चंद्रपुरातच. तुम्हाले नाई सांगितलं?" मी विचारलं, पोरगी बरी आहे का? तर करिश्मा म्हणाली, "गाते तोवर बरी राह्यते."

तोवर बरी राह्यते! मी टाकीवरून कशी उतरले ते इतवारीबाईला विचार. मिळेल ती बस धरली. वाटेत इरई नदीच्या पुलावरून जाताना डोळे मिटून घेतले. डबा पिशवीत होता. खड्ड्यात बस आदळली तशी त्यातली इंग्रजी बाई जागी झाली आणि मागोमाग दिव्यानी ओरडली. कंडक्टर म्हणाला, "बाई, पिशवीत कोन हाय?" मी म्हटलं, "भाची." पुढचा रस्ता माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

चंद्रपुरात एका चहा-कॉफीच्या दुकानाच्या माडीवर तो कार्यक्रम होता. दिवस मावळायचा होता, पण आत खिडक्यांना काळे पडदे. खुर्च्या नाहीत. पन्नास-साठ पोरं काळे कपडे घालून उभी, कोणी बोलत नाही, दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, उशीर झाला. सगळं आटोपून लोक जमलेले आहेत. मग पुढे दिवा लागला आणि दिव्यानी दिसली, उभी, जिवंत, केस कापलेले, गळ्यात गिटार. देवाची शपथ, मला इतका राग आला की मी तिथेच थोबाडीत मारली असती, पण मधे पोरं होती.

ती आईवरचं, सकाळी जंगलात वाजलेलं गाणं गाऊ लागली. "आई! आई वो!" आणि इथे जे झालं ते मी मुद्दाम केलं नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच. आपल्याकडे कोणी गेलं की बायका कशा रडतात, तुला माहीत आहे. नुसतं पाणी नाही गाळत. हेल काढून, गेलेल्याचं नाव घेऊन, ती कशी होती, काय रांधायची, कोणाला काय बोलली ते सगळं सांगत रडतात. आणि एकीने हेल काढला की दुसरीने तो उचलायचा. एकटीला रडू द्यायचं नाही. तुझे भाऊजी खळ्यावर धान तुडवताना गेले तेव्हा मी तेरा दिवस तशी रडले, आणि माझा एकही हेल खाली पडला नाही. इतवारीबाईने उचलला, तिच्या सुनेने उचलला, ज्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं त्यांनीही उचलला. म्हणून मी आज सरळ बसून टॉर्च मागू शकते. रंजीता गेली तेव्हा तुझ्या क्वार्टरमध्ये दिव्यानीने पहिला हेल काढला आणि तू म्हणालास, "चूप राय. भिंतीपलीकडं लोकं रात्रपाळी करून झोपले हायत." तू वाईट नव्हतास. तू भ्यालेला होतास. आम्हीही तुझ्या तोंडाकडे पाहून गप्प बसलो. ती पोरगी 'आई वो' म्हणून थांबली, ती थांबलेलीच राहिली.

त्या माडीवर ती पुन्हा तिथेच आली. 'आई वो' म्हणाली आणि थांबली, उचलायला कोणी नाही. पोरं नुसती उभी. सोमाजी, माझ्या तोंडून आपोआप निघालं. "माही रंजीता वो! भरल्या घरातून उठून गेली वो! पोरीच्या वेणीचा रिबन तुह्या हातात राह्यला वो!" मी रडत, पोरांना बाजूला सारत पुढे गेले आणि दिव्यानीच्या गळ्यात पडले. गिटार मधे आली, तिची एक तार तुटली, माझ्या बांगड्या त्या बोलायच्या दांडीवर वाजल्या आणि सगळ्या दुकानात घुमल्या. ढोलवाला पोरगा थांबला नाही. त्याला वाटलं, हे ठरलेलं असेल. दिव्यानीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता ही लाजेने मरते. पण तिने हेल उचलला. "कुकर लावून गेली वो आई! उतरवला नाई मी वो!" मी एक, ती एक, असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. शेवटी थांबलो. मग टाळ्या पडल्या. कोणी रडलं म्हणून टाळ्या वाजवायची पद्धत मला पटली नाही, हे मी तिथेच सांगितलं. त्यावर आणखी वाजल्या.

नंतर खाली बाकावर बसून मी तिला पुलाचं विचारलं. सरळ विचारलं, आडून विचारायची ही गोष्ट नाही. तिने तुटलेली तार बोटाला गुंडाळली. म्हणाली, "आत्या, एक दिवस खरंच उभी होती मी. मग खोलीवर आली, अन् गाणं केलं." पुन्हा तसं वाटलं तर कोणत्याही वेळी मला फोन करशील, असं मी तिच्याकडून वचन घेतलं, आणि करिश्माला म्हटलं, हिला घेऊन चांगल्या डॉक्टरला भेट. त्या दोघी जाऊन आल्या. डॉक्टरीण बाई समजूतदार आहे म्हणतात. क्लासही सुटलेला नाही, सकाळी जाते. दिव्यानी आता नागपूरला आहे आणि बरी आहे. मी तिला विचारलं, बाबांना सांगू का? तर तिचे ओठ पांढरे झाले. ती वाघाला भीत नाही, पुलाला भ्याली नाही, तुला भिते. आणि तू तिला भितोस. आणि मी आत्ता तुम्हा दोघांनाही भिऊन हे लिहिते आहे. म्हणजे आपल्या घराण्यात एवढी एक गोष्ट सारखी वाटली गेली आहे.

बाकी सर्व क्षेम. औषध घे. टॉर्च लांब उजेडाचा बघ.

तुझी,
मनकर्णाबाई

ता.क. मी चंद्रपुराहून परतले त्या दिवशी अश्वजित आला होता. वाघ तेलंगणात गेला नव्हता. नाल्याकडच्या त्या मोहाखाली, जिथे डबा टांगला होता तिथेच, त्याच्या पायाचे ठसे होते आणि बसल्याची जागा होती. आम्ही निघाल्यावर आला की आधीपासून होता, ते त्यालाही सांगता येईना. म्हणतो, "मावशी, आरामात बसला होता जी." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. पण तुला एवढंच म्हणते, जनावराला बसून ऐकावंसं वाटलं, तू तर बाप आहेस.

ता.क. दुसरं. वर दिव्यानी नागपूरला आहे असं लिहिलं ते खरं नाही. ती माझ्याकडेच आहे, सुट्टी काढून. मी हे लिहीत असताना अंगणात मोह उलटा-पालटा करते आहे. तिला वाटतं, मी टॉर्चसाठी लिहिते आहे. येत्या रविवारी ये. फोन करून येऊ नकोस, दोघेही पळून जाल. इथे टीव्ही नाही. तिने हेल काढला तर तुला उचलता येईल की नाही ते माहीत नाही, बाप्यांना ते कोणी शिकवलेलं नाही. नुसता बसलास तरी चालेल. टॉर्च आणू नकोस, माझ्याकडे दोन आहेत.

ता.क. शेवटचं. रंजीताचा निरोप लिहायचा राहिला. तो पोरीसाठी नव्हता, तुझ्यासाठी होता. त्या दुपारी तू पट्ट्याखाली होतास, तुझा फोन लागेना, म्हणून तिने पोरीला पाठवला. पोरीने ऐकला तोवर रंजीताला दवाखान्यात न्यायची धावाधाव सुरू झाली होती, आणि मग तो तुला द्यायचा तिला धीर झाला नाही. आता मी पोचवते, तिच्याच शब्दांत.

"दिव्या, तुह्या बाबाले सांगजो, येताना दही आनजो म्हना. दोनदा सांगजो वो. इसरते तो."